स्प्रूस, पाइन, थुजा, लार्च: सप्टेंबरात हलवू की एप्रिलपर्यंत थांबू?

लॅन्सिंगकर
१० ऑगस्ट

मिशिगनमध्ये लॅन्सिंगजवळ घर आहे. ड्राइव्हवे रुंद करायचा आहे, कंत्राटदार ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात खोदायला येणार. त्याच्या वाटेत चार नॉर्वे स्प्रूस येतात (साडेतीन ते साडेचार फूट उंच, जमिनीपासून ६ इंचांवर खोडाची जाडी सव्वा इंच) आणि दोन थुजा, म्हणजे इथले आर्बरव्हिटी (३ फूट). शिवाय मागच्या अंगणात दोन व्हाइट पाइन (साडेपाच फूट, खोड २ इंच) आणि एक लार्च (४ फूट) आहे. तिथे शेड बांधायची आहे, पण ती पुढच्या जूनमध्ये. माती चिकण. सगळी झाडं चार-पाच वर्षांपासून जमिनीत आहेत, कुंडीतली नाहीत.

सगळी काढून रस्त्याच्या कडेला एका ओळीत लावायची, म्हणजे आडोसाही होईल असा बेत आहे. अडतंय ते हंगामावर. शेजारी म्हणतात, झाडं झोपली की हलवा, म्हणजे नोव्हेंबर. नर्सरीवाले एप्रिल म्हणतात. काही ठिकाणी ऑगस्ट-सप्टेंबर वाचलं. नक्की केव्हा? आणि सगळी एकदम की वेगवेगळी?


देवदारी
१० ऑगस्ट

नोव्हेंबरवर काट मारा. तो सल्ला मेपल-ओकसारख्या पानगळीच्या झाडांचा आहे. पानं गळाली की त्यांचा पाण्याचा खर्च जवळजवळ थांबतो, त्यामुळे मुळं तुटली तरी वसंतापर्यंत निभावतं. स्प्रूस, पाइन, थुजा झोपतात ते फक्त वाढीपुरते. सूच्या, म्हणजे सुईसारखी पानं, अंगावर असतात आणि त्यांतून थोडं थोडं पाणी उडत राहतं. वर खर्च चालू आणि खाली माती गोठली की आवक बंद. नोव्हेंबरात मुळं तोडून हलवलेल्या झाडाला नवी मुळं फुटायला वेळच मिळत नाही. ते डिसेंबरात हिरवं दिसतं, फेब्रुवारीत हिरवं दिसतं आणि एप्रिलमध्ये तांबडं होतं. मग लोक म्हणतात, वसंतात काहीतरी रोग आला.

त्यामुळे आपल्या गावचा सगळ्यात वैरी काळ कोणता ते आधी ठरवायचं आणि तिथून उलटं मोजायचं. लॅन्सिंगला तो काळ म्हणजे गोठलेली माती. माती साधारण ४५ फॅरनहाइटच्या खाली गेली की मुळांची वाढ फार मंदावते. तुमच्याकडे हे नोव्हेंबरच्या मध्याच्या आसपास होतं. (मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या एन्व्हिरोवेदरवर जवळच्या केंद्राचं मातीचं तापमान बघायला मिळतं, अंदाजावर राहू नका.) त्याच्या आधी मुळांना निदान सहा ते आठ आठवडे हवेत. म्हणजे शेवटची तारीख २०-२५ सप्टेंबर. लवकरात लवकर केव्हा, तर लेबर डेनंतर, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर. आत्ता ऑगस्टच्या मध्यात दुपारी अजून ८५ च्या वर पारा जातो, तेव्हा मुळं तोडणं म्हणजे उपाशी माणसाला पळायला लावणं.

पण कॅलेंडरपेक्षा झाड काय सांगतं ते बघा. शेंड्याचा डोळा पूर्ण बंद, वरचे खवले तपकिरी आणि टणक झालेले हवेत. यंदाची नवी फांदी बोटाने वाकवा. ती ओल्या गवारीसारखी लवली तर अजून कोवळी आहे, थांबा. ताठ राहून परत सरळ झाली तर तयार. नॉर्वे स्प्रूस वर्षातून एकदाच फुटतो आणि त्याची लांबी वाढणं जुलैतच आटोपतं, त्यामुळे सप्टेंबरच्या सुरुवातीला तो नक्की तयार असेल. वरची वाढ थांबली आणि माती अजून उबदार आहे, अशा वेळी सूच्यांनी केलेली साखर मुळांकडे जाते. सप्टेंबरचा सगळा फायदा एवढ्या एका गोष्टीत आहे.

एप्रिलची खिडकी वेगळी. जमीन मोकळी झाल्यापासून डोळे फुगायला लागेपर्यंत. तुमच्याकडे साधारण मार्चअखेर ते एप्रिलअखेर, थंडी रेंगाळली तर थोडी पुढे. डोळ्याच्या खवल्यांतून पोपटी टोक दिसलं की खिडकी बंद. पाइनची कांडी, म्हणजे शेंड्याची नवी उभी फूट, अर्धा इंच वर आली की बंद. कोवळी फूट सगळ्यात जास्त पाणी उडवते, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही मुळं तोडलेली असतात.

आता तुमची झाडं.

थुजा: सप्टेंबर, बिनधास्त. बारीक, दाट मुळांचं झाड, मुळांभोवतीचा मातीचा गोळा छान धरतं.

नॉर्वे स्प्रूस: सप्टेंबर चालेल. मुळं उथळ आणि पसरट, त्यामुळे गोळा रुंद घ्या, खोल नको.

व्हाइट पाइन: घाई नसेल तर एप्रिल. पाइनची मुळं विरळ आणि लांब जाणारी असतात, गोळ्यात कमी सापडतात. त्यांना गोठण्याआधीचे सहा आठवडे पुरतीलच असं नाही. शेड जूनमध्ये आहे, तर थांबा.

लार्च: सूचीपर्णी असूनही पानगळीचा. हिवाळ्यात बोडका होतो, म्हणून त्याला शेजाऱ्यांचा नियम लागू. पण वसंतात तो बाकीच्यांच्या आधी जागा होतो. एप्रिलमध्ये पहिला नंबर त्याचा, पाइन नंतर. जमीन मोकळी झाली की त्याच आठवड्यात.

आणि एक. रस्त्याच्या कडेला पाइन लावू नका. व्हाइट पाइनला रस्त्यावरचं मीठ अजिबात सोसत नाही. गाड्यांच्या चाकांनी उडालेल्या खारट पाण्याने रस्त्याकडची बाजू वसंतात भाजल्यासारखी होते. नव्या ड्राइव्हवेवर तुम्हीही मीठ टाकणारच. पाइन घराच्या मागे, रस्त्यापासून लांब.


लॅन्सिंगकर
११ ऑगस्ट

मिठाचं डोक्यातच नव्हतं, ओळ बदलतो. पाइन मागच्या कुंपणाला.

आता पुढचं. गोळा किती मोठा? दोन माणसांना उचलेल ना? काही जण आधी मुळं छाटून ठेवा म्हणतात, ते आत्ता करू का? आणि वरच्या फांद्या थोड्या कापल्या तर झाडावरचा ताण कमी होईल का?


पहारवाला
११ ऑगस्ट

गोळ्याचा हिशोब खोडावरून. खोडाच्या दर इंच जाडीला १० ते १२ इंच व्यास. सव्वा इंचाच्या स्प्रूसला साडेबारा ते १५ इंच, थोडं जास्त म्हणून १६ धरा. खोली १२ इंच पुरे. पाइनला २४ इंच व्यास आणि १६ इंच खोली.

वजनाचा अंदाज लोक नेहमी चुकवतात. १६ बाय १२ चा गोळा खाली निमुळता धरला तरी तीसेक लिटर माती होते, आणि ओली चिकण माती लिटरला साधारण १.७ किलो. म्हणजे ५० किलो. दोघांचं काम. पाइनचा २४ चा गोळा मात्र दीडशे किलोच्या घरात जातो. तो उचलायचा नाही, सरकवायचा. अर्धा इंची प्लायवूडचा तुकडा, जाड ताडपत्री आणि तीन माणसं लागतील. किंवा नर्सरीतून बॉल-कार्ट, म्हणजे गोळा वाहायची हातगाडी, भाड्याने आणा.

आधी मुळं छाटणं: सप्टेंबरात निघणाऱ्या झाडांना आता उपयोग नाही. तीन आठवड्यांत कापलेल्या टोकाला जेमतेम फुटवे येतील आणि तुम्ही तेच परत तोडाल. पाइनला मात्र जरूर करा, सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. गोळ्याच्या रेषेच्या दोन इंच आत, म्हणजे खोडापासून १० इंचांवर वर्तुळ आखा. त्याचे सहा भाग करा. सरळ पात्याचं, कानशीने धार लावलेलं फावडं उभं खाली रोवून एक सोडून एक असे तीन भाग कापा. फावडं फक्त घालायचं आणि काढायचं, माती उकरायची नाही. उरलेले तीन भाग एप्रिलमध्ये काढतानाच कापले जातील. कापलेल्या मुळांच्या टोकांशी नवी मुळं फुटतात. बाहेरची रेषा दोन इंच लांब ठेवल्यामुळे ती गोळ्यात येतात. छाटल्यानंतर पाऊस नसेल तर आठवड्याला चार-पाच गॅलन पाणी द्या, नाहीतर फुटवे कशावर यायचे?

वरच्या फांद्या कापू नका. हा जुना समज आहे. सूचीपर्णी झाड नवी मुळं काढतं ती बरीचशी त्या वेळी सूच्या जी साखर बनवतात तिच्यावर. सूच्या कापल्या तर मुळांचाच घास काढून घेतला. मोडकी किंवा वाळलेली फांदी काढा, बस. शेंडा तर मुळीच नाही.

काढायची कृती, स्प्रूस धरून:

दोन दिवस आधी झाडाभोवती सावकाश पाणी सोडा, ५ गॅलनभर. कोरडी माती सुटते, चिखल घसरतो. मूठ आवळली तर लाडू व्हावा आणि बोटाने दाबला तर फुटावा इतकी ओल हवी.

खालच्या फांद्या सुतळीने खालून वर गुंडाळत खोडाशी बांधून घ्या. नाहीतर फावड्याखाली त्याच मोडतात.

खोडाजवळची वरची माती हाताने बाजूला करून पहिली जाड मुळं कुठून फुटतात ते शोधा. ही पायरी लोक टाळतात. लावताना खोड खोल गाडलं गेलं असेल तर वरच्या चार इंच मातीत मुळंच नसतात, आणि तुम्ही १२ इंचांचा गोळा म्हणून आठच इंचांचा गोळा काढता. खोली मोजायची ती पहिल्या जाड मुळापासून.

मग १६ इंचांचं वर्तुळ. फावड्याची पाठ झाडाकडे ठेवून उभं कापत फिरा. पहिल्या फेरीत चर खणू नका, फक्त काप. दुसऱ्या फेरीत बाहेरच्या बाजूने फावड्याच्या रुंदीचा चर काढा, मग खालून तिरकं आत जा. अंगठ्याएवढं मूळ लागलं तर फावड्याने ठोकू नका. त्या धक्क्याने गोळा आतून तडकतो. छाटणीच्या कात्रीने किंवा करवतीने सरळ कापा.

गोळा सुटला की एका बाजूला कलवा, अर्धा गुंडाळलेला बर्लॅप खाली सरकवा, दुसऱ्या बाजूला कलवून तो उलगडा. चारी टोकं वर आणून खोडाभोवती गाठ मारा. उचलताना हात गोळ्याखाली. खोड धरून उचललं की गोळ्याच्या वजनाने बारीक मुळं मातीतून सुटतात. बाहेरून काही दिसत नाही, झाड मात्र महिन्याभरात खचतं.

बर्लॅप म्हणजे आपलं गोणपाटच, पण दुकानात हिरवं प्लास्टिकचंही त्याच नावाने मिळतं. ते कुजत नाही. घेऊ नका.


उत्तरवारा
१२ ऑगस्ट

वरच्या दोघांशी थोडी असहमती नोंदवतो. सप्टेंबर पुस्तकात बरोबर आहे, पण नवी जागा कशी आहे ते कुणीच विचारलं नाही. उघड्या माळावर, पश्चिमेचा वारा थेट येत असेल तर मी सूचीपर्णी झाड शरदात हलवणार नाही, नॉर्वे स्प्रूससुद्धा. मिनेसोटा-डकोटाकडे हाच अनुभवाचा नियम आहे.

यातलं नुकसान कसं होतं ते बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारी ऊन पडतं, वर बर्फावरून परावर्तन होतं आणि दक्षिण-पश्चिमेच्या सूच्या हवेपेक्षा बऱ्याच गरम होतात. रंध्रं उघडतात, पाणी जातं, त्यात वारा. खाली माती दगड. ज्या झाडाची मुळं शाबूत आहेत त्यालासुद्धा हे जड जातं, मग सहा आठवड्यांच्या मुळांवर जगणाऱ्याचं काय? बर्फाच्या रेषेखालच्या सूच्या हिरव्या आणि वरच्या तांबड्या, अशी सरळ रेघ दिसली तर समजायचं की हेच झालं.

तेव्हा जागा सांगा, मग हंगाम.


लॅन्सिंगकर
१२ ऑगस्ट

चारपैकी तीन स्प्रूसच्या नव्या जागेच्या पश्चिमेला सोयाबीनचं शेत आहे, पूर्ण उघडं. चौथा स्प्रूस आणि थुजा गॅरेजच्या आडोशाला जातील. कंत्राटदार तारीख हलवत नाही, विचारून झालं.


देवदारी
१२ ऑगस्ट

उत्तरवारा यांचं म्हणणं मान्य, जागा मी आधी विचारायला हवी होती.

मग असं करा. थुजा आणि आडोशाचा स्प्रूस सप्टेंबरात थेट नव्या जागी. उरलेले तीन सप्टेंबरात काढा, पण शेताकडेला लावू नका. घराच्या उत्तरेला किंवा पूर्वेला, जिथे हिवाळ्यात दुपारचं ऊन आणि वारा दोन्ही लागत नाहीत, तिथे गोळ्याच्या अर्ध्या खोलीचा, म्हणजे सहा इंचांचा चर काढा. बांधलेले तिन्ही गोळे एकमेकांना चिकटून त्यात ठेवा. सगळ्या फटींत आणि वर पार गोळा झाकेपर्यंत लाकडाचा भुसा किंवा चिप्स भरा, कडेने आठ-दहा इंच जाड. नर्सरीवाले न विकलेली झाडं अशीच हिवाळ्यात ठेवतात. जमीन गोठेपर्यंत पाणी चालू. एप्रिलमध्ये चिप्स बाजूला करून उचलायचे आणि नव्या जागी. बर्लॅपमधून बारीक पांढरी मुळं बाहेर आलेली दिसतील, ती मोडणार नाहीत अशा बेताने हलवा.

यात काम दुप्पट होतं, पण दुसऱ्यांदा मुळं तुटत नाहीत. गोळा तोच राहतो.

तेवढा खटाटोप नको असेल तर सप्टेंबरात लावा आणि पश्चिम व दक्षिण बाजूला खुंट्यांवर बर्लॅपचा पडदा ताणा, झाडापासून फूटभर लांब, उंची झाडापेक्षा थोडी जास्त. झाडाला गुंडाळायचं नाही, कुंपणासारखा उभा करायचा. सूच्यांवर मारायचे मेणाचे फवारे मिळतात, त्यांचे निकाल उलटसुलट आहेत. पडद्याचा फायदा नक्की.


पर्वती_पायथा
१३ ऑगस्ट

जरा वेगळं विचारतो. पुण्यात बंगल्याच्या दारात मोरपंखीची दोन झाडं आहेत, चार फुटी, आणि नर्सरीत ख्रिसमस ट्री म्हणून मिळतो तो अरोकेरिया एक, जमिनीत, पाच फूट. तिन्ही हलवायची आहेत. आमच्याकडे जमीन काही गोठत नाही, मग थंडीतच हलवलेलं चांगलं ना?


देवदारी
१३ ऑगस्ट

पद्धत तीच, तारखा उलट्या. पुण्यात वैरी काळ थंडी नाही, मार्च ते मे. तिथून उलटं मोजा. थंडीत, डिसेंबर-जानेवारीत हलवलं तर झाड छान दिसेल, पण मुळं पसरायला दोन-तीन महिनेच मिळतात आणि हवा कोरडी. मग एप्रिलमध्ये रोज पाण्याची बादली घेऊन उभं राहायचं. त्यापेक्षा पाऊस स्थिरावल्यावर, फूटभर खोल माती भिजली की, म्हणजे जूनअखेर ते ऑगस्ट. ढगाळ हवा, दमट वारा, ऊबदार माती, सगळं एकदम मिळतं आणि उन्हाळ्यापर्यंत सात-आठ महिने हातात राहतात. हिमाचलात देवदाराची रोपंही बहुतेक पावसाळ्यातच लावतात. यंदा करायचं तर या पंधरवड्यात करा. ऑक्टोबर हीटमध्ये नको.

मोरपंखीला अडचण नाही, मुळं दाट असतात. अरोकेरिया मात्र मुळांना धक्का लागलेला सहन करत नाही. गोळा फुटला तर झाड गेलं असं समजून चाला. शेंडा जपा, तो मोडला की झाडाची ती नेमकी मजल्यामजल्याची ठेवण परत येत नाही. काळ्या मातीत खड्डा केला तर पावसाळ्यात त्याचं टाकं होतं. पाणी साचतं आणि मुळं कुजतात. तिथे जमिनीच्या वर सहा-आठ इंच उंचवटा करून लावा.


लॅन्सिंगकर
१४ ऑगस्ट

माझीही माती चिकणच. खड्ड्याबद्दल सांगाल का? खत किती? पाणी कधीपर्यंत?


पहारवाला
१४ ऑगस्ट

निचरा आधी तपासा. नव्या जागी फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरा, जिरू द्या, परत भरा. दुसऱ्या वेळी पातळी तासाला निदान एक इंच उतरली पाहिजे. त्याहून कमी असेल तर झाड जमिनीच्या पातळीपेक्षा दोन-तीन इंच वर ठेवून बाजूने मातीचा उतार द्या.

खड्डा गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, खोली गोळ्याएवढीच. एक इंचही जास्त नको. खाली भुसभुशीत भरलेली माती पुढे बसते आणि झाड बुडतं. चिकण मातीत फावड्याने कापलेल्या भिंती घासून काचेसारख्या होतात, मुळं त्यातून जात नाहीत आणि कुंडीतल्यासारखी गोल फिरतात. दाताळ्याने ओरखडे काढा. पहिलं जाड मूळ जमिनीच्या पातळीला किंवा किंचित वर दिसलं पाहिजे. झाड जागेवर बसल्यावर गाठ सोडा, वरचा निम्मा बर्लॅप कापून काढा, सुतळी सगळी काढा. जमिनीवर उघडा राहिलेला बर्लॅप वातीसारखा पाणी शोषून उडवतो.

भरायला तीच माती. पीट, कंपोस्ट कालवून मऊ माती केली की चिकण मातीतल्या त्या वाडग्यात पाणी साचतं. पायाने दाबू नका, अर्धी भरून पाणी ओता, बसली की उरलेली. खत पहिल्या वर्षी शून्य. नायट्रोजन वरची फूट ढकलतो, खाली ती पोसायला मुळं नाहीत. वर चिप्सचं आच्छादन तीन इंच, खोडापासून तीन इंच मोकळं. खोडाला टेकवून ज्वालामुखीसारखा ढीग करतात तसा नको. खाली साल कुजते आणि हिवाळ्यात व्होल उंदीर त्यात घर करून साल कुरतडतात.

पाणी: दर खेपेला खोडाच्या दर इंचाला एक ते दीड गॅलन, म्हणजे स्प्रूसला दोन गॅलन धरा. पहिले दोन आठवडे रोज, पुढे बारा आठवड्यांपर्यंत दोन-तीन दिवसांनी, नंतर आठवड्याला, जमीन गोठेपर्यंत. वसंतात परत सुरू. चिकण मातीत हा आकडा डोळे झाकून पाळू नका, आधी गोळा तपासा. लांब स्क्रूड्रायव्हर गोळ्यात खोचा. सहज सहा इंच गेला आणि माती चिकटून आली तर आज पाणी नको.

मुख्य चूक वेगळीच होते. पाणी गोळ्याच्या बाहेर भरलेल्या सैल मातीत जातं आणि गोळा आत कोरडा राहतो, कारण तो घट्ट असतो. पहिले काही आठवडे सगळी चूषक मुळं फक्त गोळ्यात असतात. बाहेर चिखल, आत धूळ, आणि माणूस म्हणतो मी तर रोज पाणी घालत होतो. नळी खोडाजवळ, गोळ्याच्या वर सोडा, अगदी बारीक धारेने, वीस मिनिटं.

लॉनचे स्प्रिंकलर मोजू नका. त्यांनी फक्त वरचा इंचभर भिजतो.


उत्तरवारा
१४ ऑगस्ट

दोन किरकोळ गोष्टी.

खुंटी-आधार लागतोच असं नाही. खोड हलवून बघा. गोळ्यासकट सगळं डुलत असेल तर दोन खुंट्या, रुंद पट्टा, सैल, आणि वर्षाने काढून टाका. नुसतं खोड वाकत असेल तर काहीच नको.

हरणं. मिशिगनात थुजा म्हणजे त्यांच्या ताटातला पदार्थ. व्हाइट पाइनही खातात. नॉर्वे स्प्रूसच्या वाटेला सहसा जात नाहीत. थुजाभोवती नोव्हेंबरच्या आधी जाळी उभी करा. नवीन लावलेल्या थुजाच्या एका बाजूच्या फांद्या खाल्ल्या गेल्या तर जुन्या लाकडातून त्या परत फुटत नाहीत, बाजू कायमची उघडी पडते.

आणि ऑक्टोबरमध्ये व्हाइट पाइनच्या आतल्या सूच्या पिवळ्या होऊन गळायला लागल्या तर घाबरून पाण्याचा मारा करू नका. पाइन दरवर्षी जुन्या सूच्या टाकतो. काळजी तेव्हा करायची जेव्हा यंदाच्या, टोकाकडच्या सूच्या तांबड्या होतात. तेव्हाही झाड लगेच उपटू नका. डोळा नखाने चिरा. आत हिरवा, ओला असेल तर मे अखेरपर्यंत वाट बघा, सूच्या गेल्या तरी फूट येऊ शकते. कुरकुरीत आणि तपकिरी असेल तर ती फांदी गेली.


लॅन्सिंगकर
१५ ऑगस्ट

ठरलं. थुजा आणि एक स्प्रूस ८ सप्टेंबरच्या आठवड्यात थेट. तीन स्प्रूस त्याच वेळी काढून उत्तरेच्या भिंतीला चिप्समध्ये. पाइनची अर्धी छाटणी त्याच आठवड्यात, लार्च आणि पाइन एप्रिलमध्ये. लार्च आधी.

चिप्स किती लागतील? आणि या शनिवारी नव्या जागेचे खड्डे करून ठेवले तर चालतील का?


पहारवाला
१५ ऑगस्ट

तीन गोळ्यांना साधारण पाव घनयार्ड पुरेल, आच्छादनाला आणखी पाव. अर्धा यार्ड सांगा, लहान पिकअपमध्ये मावतो.

खड्डे आधी करून ठेवू नका, चिकण मातीच्या भिंती उन्हात विटेसारख्या होतात. त्याच दिवशी करा. या शनिवारी निचऱ्याची परीक्षा तेवढी घ्या, आणि तीसुद्धा ८११ ला, म्हणजे जमिनीखालच्या लाइन दाखवणाऱ्या सेवेला, फोन केल्याशिवाय नको. फुकट आहे. तीन कामाचे दिवस आधी कळवावं लागतं. ते येऊन गॅसला पिवळी, विजेला लाल, केबलला नारिंगी, पाण्याला निळी खूण करतात. रस्त्याच्या कडेला लावताय म्हणजे यातलं काहीतरी तिथे असणारच. खुणेच्या चार फुटांत हातानेच आणि सावकाश. मीटरच्या पुढच्या तुमच्या स्वतःच्या लाइन, म्हणजे स्प्रिंकलर, अंगणातल्या दिव्यांची वायर, ते दाखवत नाहीत. त्या तुमच्या तुम्हाला शोधाव्या लागतील.